पिन बाहेरून आत

दिवाळीच्या आधीचे पाच-सहा आठवडे सांवेर रोडवर कुणालाच झोप पुरत नाही. इंदूरची शेव, मिक्स्चर, खट्टा-मीठा दिवसरात्र पाकिटांत भरले जात असतात आणि ती पाकिटं ज्या खोक्यांत बसतात ती खोकी बंद करायचं काम आमच्या लाइनवर चालतं. खोक्याच्या झाकणावर तापलेल्या ग्लूचे चार ठिपके पडतात, पट्टा वरून दाबतो आणि दोन सेकंदांत झाकण चिकटतं. मी इथलं मेंटेनन्स बघते. त्या वर्षी ग्लू सोडणाऱ्या चार बारीक तोट्यांपैकी, म्हणजे नोझलांपैकी, एखादं रोज बंद पडायचं, कधी एकाच पाळीत दोनदा. आधी ठिपका बारीक व्हायचा, मग तिरका उडायचा, मग पडायचाच नाही. लाइन थांबेपर्यंत अर्धवट चिकटलेली दहा-वीस खोकी पुढे निघून गेलेली असायची आणि ट्रकवर चढवताना त्यांतलं एखादं उघडून पाकिटं जमिनीवर यायची. मला लांबून ऑपरेटरची हाक ऐकू यायची, "दीदी, फिर चोक!"

साफ करायची आमची रीत सगळीकडे असते तीच होती. नोझल ज्यावर बसतं ती ग्लूची गन थंड व्हायच्या आत पान्याने ते काढायचं, पकडीत धरून गॅसच्या टॉर्चवर तापवायचं, ग्लू पेटून धूर निघाला की फरशीवर ठोकायचं आणि उरलेलं बारीक ड्रिलने कोरून काढायचं. पाच मिनिटांत नोझल परत मशीनवर. हे पाच मिनिटांचं काम किती महागात पडतं हे कळायला मला दोन सीझन लागले.

आमचं नोझल पितळेचं आणि त्याचं भोक ०.४ मिलिमीटरचं. ड्रिल त्याच्यापेक्षा कितीतरी कडक. प्रत्येक वेळी जळक्या ग्लूच्या कोळशाबरोबर थोडं पितळही सुटून येतं. भोक ०.५ झालं तरी नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, पण त्याचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त झालेलं असतं. लांब बारीक नळीतून घट्ट द्रव वाहतो तेव्हा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, त्या हिशेबाने हीच वाढ अडीचपटीच्या जवळ जाते. आमच्या नोझलचं भोक आखूड आहे, त्यामुळे खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडणार. पण खरा त्रास पुढे सुरू होतो. त्या एका नोझलमधून ग्लू ओघळायला लागला की ऑपरेटर सगळ्या मशीनचं प्रेशर कमी करतो, आणि मग चांगली असलेली तिन्ही नोझलं उपाशी राहतात. खोकी उघडत होती ती पुष्कळदा या धडधाकट नोझलांच्या बाजूने. हे मी वहीत लिहून ठेवायला लागले तेव्हा ध्यानात आलं.

टॉर्चनेही कमी नुकसान होत नव्हतं. लाल होईपर्यंत तापलेलं पितळ मऊ पडतं, मग पाना लावला की कडा गोल होतात आणि आटे बिघडतात. आट्यांवर टेफ्लॉनची टेप तशीच राहिलेली असली तर ती एवढ्या उष्णतेत विषारी वायू सोडते, आणि आमची मुलं त्यावर तोंड घेऊन उभी असायची. ही रीत बंद करायची असं मी ठरवलं ते आधी या धुरासाठी, ग्लूच्या खर्चासाठी नंतर.

एका रविवारी मी दोन चोक झालेली नोझलं लोकमान्य नगरला घरी आणली होती आणि खिडकीशी बसून भिंगातून बघत होते. सासूबाई शेजारी गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, हा स्टोव्हचा निपल का?"

मी म्हटलं, "तसंच आहे आई, यातून ग्लू येतो."

"मग पिन कुठून मारता?"

मी सांगितलं की आम्ही मागून, मोठ्या तोंडाने ड्रिल घालतो. त्यांनी गवार बाजूला ठेवली. "स्टोव्हला पिन बाहेरून आत मारायची असते. काजळी आत ढकलायची, बाहेर ओढायची नाही. आणि पिन बारीकच हवी. रामबागेतल्या घरी यांनी एकदा जाड पिन मारली, भोक मोठं झालं, मग ज्योत पिवळी यायची आणि भांडी काळी व्हायची. नवा निपल आणावा लागला."

मी नोझल उलटं करून पुन्हा भिंगाखाली धरलं. आतून ते नरसाळ्यासारखं असतं, मागे रुंद आणि पुढे जाता जाता अरुंद. कोळशाचा कण मागून वाहत येतो आणि मानेत अडकतो. त्याला मागूनच ढकललं तर बाटलीत बूच ठोकावं तसा तो आणखी घट्ट बसणार. तोंडाकडून ढकलला तर मागे त्याला रुंद जागाच जागा आहे. मी इतकी वर्षं बूच ठोकत होते.

दुसऱ्या दिवशी मी ती दोन्ही नोझलं भाऊजींकडे नेली. त्यांची पोलोग्राउंडला खराद, म्हणजे लेथ मशीन, आहे. म्हटलं, "भाऊजी, ही मधोमध उभी कापून द्या." त्यांनी कापून दिली, आणि आत एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. सगळ्यांत मागे मेणासारखा पिवळसर ग्लू, तापवला की वितळणारा. भिंतीला चिकटलेली तपकिरी, रबरासारखी साल, जी चिमट्याने ओढली की ताणली जायची, पण तव्यावर ठेवली तरी वितळायची नाही. आणि मानेत काळे, टणक कण.

आम्ही वापरतो तो ग्लू ईव्हीए जातीचा, १६०-१७० अंशांना चालणारा. तो टँकमध्ये तासन्‌तास तापत राहतो आणि हवेतला ऑक्सिजन त्याला लागत राहतो. त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि तुटलेली टोकं एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. ती तपकिरी साल म्हणजे हे जाळं. एकदा जाळं झालं की त्याला कितीही तापवा, ते वितळत नाही, फक्त काळं होत जातं. म्हणजे टॉर्चखाली पहिला भाग जळून निघून जात होता आणि दुसऱ्याचा आम्ही आमच्याच हाताने तिसरा बनवत होतो. त्यात आमच्याकडे पुठ्ठ्याची धूळ. ती उघड्या टँकमध्ये पडते, करपते आणि तिच्याभोवती कोळसा जमत जातो.

इथून पुढे मी बरेच चुकीचे प्रयोग केले. ते सांगायला हवेत, कारण दुसरं कुणीही सुरुवात इथूनच करील.

जेल रोडवरून ३ लिटरचं एक अल्ट्रासॉनिक क्लीनर आणलं, ४० किलोहर्ट्‌झचं. चष्मे आणि दागिने धुतात तसलं. त्यात पाणी आणि साबण घालून, ६० अंशांवर नोझलं तासभर ठेवली. काहीही झालं नाही. मग मी त्यात थिनर ओतायला निघाले. आमचे फिटरमामा तिथे उभे होते, त्यांनी माझ्या हातातला डबाच काढून घेतला. त्यांचं बरोबर होतं. थिनरमधल्या टोल्युइनचा फ्लॅशपॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे इंदूरच्या कुठल्याही दिवशी त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. हे मशीन द्रवाला आपोआप तापवतं आणि त्याच्या आत उघडं इलेक्ट्रिक सर्किट असतं. त्या दिवशी मामा नसते तर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करते.

कॉस्टिक सोडाही करून पाहिला. तो एका ॲल्युमिनियमच्या भागाला लागला तेव्हा जोरात बुडबुडे आले. तो हायड्रोजन होता आणि भागाला खड्डे पडले. अमोनियाचं क्लीनर कुणीतरी सुचवलं होतं, ते मात्र मी वापरलं नाही. अमोनियाने पितळेला, विशेषतः ताणाखाली असलेल्या पितळेला, तडे जातात हे मला डिप्लोमाला असल्यापासून आठवत होतं.

अल्ट्रासॉनिक का चाललं नाही, हे समजल्यावर सगळा क्रम समजला. त्या मशीनमध्ये द्रवात सेकंदाला ४०,००० वेळा दाब वर-खाली होतो, अगदी बारीक पोकळ्या तयार होतात आणि फुटतात. त्या फुटण्याने मळ सुटतो. पण भोकात चिकट ग्लू भरलेला असेल तर द्रव आत जातच नाही, आणि मऊ ग्लू तो धक्का गादीसारखा गिळून टाकतो. मशीन चांगलंच होतं, मी त्याला सगळ्यात शेवटचं काम सगळ्यात आधी दिलं होतं. वितळणारं आधी वितळवून काढायचं, साल सैल करायची, कण उलटा ढकलायचा आणि मग उरलेली बारीक घाण लाटांवर सोपवायची.

पुढचे दोन महिने मी संध्याकाळी सुटले की भाऊजींच्या वर्कशॉपवर. नोझलं गरम तेलाने धुवायचं यंत्र आम्हीच करायला घेतलं. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात आम्ही आठ नोझलं उभी बसतील अशा जागा केल्या. ठोकळ्याच्या पोटात दोन कांडीसारखे कार्ट्रिज हीटर, तापमान मोजणारं एक के-टाइप थर्मोकपल, आणि बाहेर तापमान नेमकं राखणारा पीआयडी कंट्रोलर. त्याखेरीज जास्त तापलं की वीज तोडणारा एक वेगळा थर्मल कटआउट, कारण कंट्रोलरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला तर हीटर चालूच राहतो आणि तेल तापत जातं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा डब्याला दोन-दोन कुलुपं कशाला?" मी ऐकलं नाही. खाली तेलाचा छोटा टँक. हॉट मेल्टच्या, म्हणजे तापवून वापरायच्या ग्लूच्या, मशीनसाठी जे क्लीनिंग फ्लुइड मिळतं तेच आम्ही घेतलं, ज्याचा फ्लॅशपॉइंट २०० अंशांच्या वर असल्याचं त्याच्या पत्रकावर लिहिलेलं होतं. ठोकळा १५० वर ठेवायचा. ईव्हीए तिथे छान पातळ होतो आणि तेल धूर सोडत नाही.

अवघड भाग होता तो उलट्या धारेचा. नोझल आट्यांवर बसवलं की मागचं तोंड ठोकळ्याकडे येतं, पण आम्हाला तेल पुढच्या तोंडातून घालायचं होतं. भाऊजींनी टोकावर बसणारी छोटी वाटी खरादली आणि आत गळती थांबवणारी सिलिकॉनची गोल रिंग, ओ-रिंग, बसवली. दोन दिवसांत ती रिंग गरम तेलाने फुगून जागेवरून बाहेर आली. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण खनिज तेल सोसत नाही. मग सियागंजला दुकानं पालथी घालून व्हायटॉन या तेल सोसणाऱ्या रबराच्या रिंगा आणल्या. त्या महाग पडल्या, पण आजतागायत टिकल्या आहेत.

पहिल्या चाचणीला मी कंप्रेसरची लाइन सरळ जोडली, ५ बारवर. एक नोझल मोकळं झालं, दुसरं, आणि तिसऱ्यातला कण बंदुकीच्या छर्ऱ्यासारखा सुटला. मागोमाग १५० अंशांच्या तेलाची धार समोरच्या भिंतीवर. मामांनी मला फेसशील्ड आणि कातडी हातमोजे घातल्याशिवाय बटणाला हात लावू दिला नव्हता, म्हणून मला काही झालं नाही. भिंतीवरचा डाग अजून आहे. दुसऱ्याच दिवशी जाड पत्र्याचं झाकण केलं, त्याला लिमिट स्विच लावला. झाकण पूर्ण बसल्याखेरीज सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, हवा सोडतच नाही. रेग्युलेटर १.५ बारला बांधून टाकला. घाई केली तर काम होतं, पण इथे घाई नकोच आहे. चाळीस मिनिटं नोझल भिजत ठेवलं की १.५ बार पुरतो.

ठोकळ्याशेजारच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत एक कागदही लावला: तापलेला ग्लू किंवा तेल अंगावर पडलं तर लगेच नळाखाली धरा, वीस मिनिटं, चिकटलेला ग्लू ओढून काढू नका, त्याच्याबरोबर कातडी येते, ग्लू तसाच ठेवून डॉक्टरांकडे जा. हॉट मेल्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक तरी गुळगुळीत डाग असतो. आमच्याकडच्या बहुतेक डागांमागची गोष्ट एकच, घाबरून ग्लू ओढला.

आता आमचा क्रम असा चालतो. पाळी संपताना गरम गनवरूनच नोझलं काढायची, कारण थंड झाल्यावर आटे सुटत नाहीत. ठोकळ्यात चाळीस मिनिटं. मग उलटी धार, तेल खालच्या जाळीवर पडतं आणि जाळीत काय आलं ते बघता येतं. मी नव्या मुलांना ते मुद्दाम बघायला लावते. पिवळं आलं तर सगळं ठीक, तपकिरी साल आली तर टँकचं तापमान कुणीतरी वाढवलं आहे, काळे कण आले तर फिल्टर बदलायची वेळ झाली. यानंतर तेल पुसून नोझलं अल्ट्रासॉनिकमध्ये, ६० अंशांच्या पाण्यात साधं न्यूट्रल डिटर्जंट घालून दहा मिनिटं. नोझलं तळावर ठेवायची नाहीत, टोपलीत ठेवायची, आणि रुंद तोंड वर करून. तसं नाही केलं तर नरसाळ्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे लाटही पोचत नाही. हे कळायच्या आधी आमच्याकडे बाहेरून लखलखीत आणि आतून तशीच काळी अशी कितीतरी नोझलं निघाली. मशीन नीट चालतं आहे का ते बघायला मी महिन्यातून एकदा घरच्या फॉइलचा तुकडा अर्धं मिनिट पाण्यात धरते. त्याला सगळीकडे सारखी बारीक भोकं पडली पाहिजेत.

मग हवेने फुंकायचं आणि १०० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. हे वाळवणं कुणीही टाळायचं नाही. नोझलमध्ये पाण्याचा थेंब राहिला आणि मागून १६५ अंशांचा ग्लू आला तर त्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि ग्लू तोंडावर उडतो.

इतकं करूनही पाच-दहा नोझलांतल्या एखाद्यात कण उरतोच. त्यासाठी घरच्या मल्टिस्ट्रँड वायरमधला तांब्याचा एक धागा, ०.३ मिलिमीटरचा. मऊ असतो, पितळेला ओरखडा पाडत नाही, आणि तो घालायचा तोंडाकडून, बाहेरून आत. नव्या मुलाला शिकवताना मी सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगते.

शेवटी पिन गेज, म्हणजे भोक मोजायच्या ठरावीक जाडीच्या पिना. ०.४० ची पिन गेली पाहिजे, ०.४२ ची जाता कामा नये. जुन्या ड्रिलवाल्या दिवसांतली नोझलं मी या गेजवर लावली तेव्हा निम्म्याहून अधिक बाद झाली. ती सगळी मी एका दिवसात भंगारात टाकली, आणि मालकांना त्याच दिवशी नव्या दोन सेटची मागणी दिली. त्यांनी कारण विचारलं. मी नव्या आणि जुन्या नोझलने एकाच तापमानाला, एकाच प्रेशरला कागदावर १००-१०० ठिपके टाकले आणि दोन्ही कागद वजनकाट्यावर ठेवून दाखवले. त्यांनी काटा दोनदा बघितला आणि मागणीवर सही केली.

पुढच्या दिवाळीत आमच्याकडे एक सेट मशीनवर आणि एक धुतलेला डब्यात, असा फेरा होता. चारही नोझलं पाळी बदलताना बदलली जायची, चालू लाइनवर नाही. चोक अगदी झालंच नाही असं नाही, पण त्या सीझनला ऑपरेटरची ती हाक मी बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा ऐकली. टँकचं तापमान १८५ वरून १६५ वर आणलं, जेवणाच्या सुट्टीत ते १२० वर उतरवायला लागलो, टँकचं झाकण बंद ठेवायला शिकलो. खरं तर कोळसा कमी व्हायला ठोकळ्यापेक्षा याचाच हात जास्त असेल.

सांवेर रोडवर गोष्ट लपत नाही. औषधांच्या खोक्यांवर काम करणारे, बिस्किटांच्या कार्टनवाले आता त्यांची नोझलं डब्यात घालून आमच्याकडे पाठवतात. ईव्हीएची असली तर मी हो म्हणते. गेल्या महिन्यात फर्निचरच्या एजबँडिंगचं, म्हणजे फळीच्या कडेला पट्टी चिकटवायचं, काम करणारा एक तरुण सहा नोझलं घेऊन आला. मी ती चाळीस मिनिटं ठेवली, मग आणखी चाळीस, आणि जाळीवर काहीच आलं नाही. तो पीयूआर ग्लू होता. तो हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की तेल, उष्णता, काहीही त्याला परत पातळ करत नाही. जाळून काढावा तर पॉलियुरेथेनच्या धुरात सायनाइड असतं, ते मी माझ्या शेडमध्ये होऊ देणार नाही.

मी त्याला म्हटलं, पाच घेऊन जा. यापुढे मशीन बंद करताना नोझल गरम असतानाच काढायचं, ग्लू ओला असतानाच पुसायचं आणि व्हॅसलीन किंवा ग्रीसमध्ये बुडवून ठेवायचं, म्हणजे ओलावा त्याला शिवणार नाही. सहावं मी ठेवून घेतलं. ते काचेच्या बंद बरणीत एका सॉल्व्हंटमध्ये पडून आहे, खिडकीपासून आणि हीटरपासून लांब, मामांनी दाखवलेल्या जागी. तीन आठवडे झाले. परवाच्या शनिवारी भिंगातून बघितलं तेव्हा ग्लूची कड थोडी फुगलेली दिसली. सुटलेली नाही. या शनिवारी पुन्हा बघायचं आहे.